राज्याची सीमा सगळ्यांना पाठ आहे, मतदारसंघाची सीमा कुणी नीट बघितली आहे का? (बेळगाव, खानापूर, निपाणी)

उचगावकर

नमस्कार मंडळी. निवडणूक कुठलीही असो, निकालाच्या संध्याकाळी आपल्याकडे तीच चर्चा होते. महाराष्ट्र एकीकरण समितीत (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी आपली संघटना) दुफळी झाली, पैशाचा पाऊस पडला, मराठा मतं राष्ट्रीय पक्षांकडे वळली. यातलं काही खोटं नाही. पण २००८ पासून एक गोष्ट मला सलते आहे आणि तिच्याबद्दल सीमाभागात फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

आमचा उचगाव विधानसभा मतदारसंघ २००८ साली नकाशावरून गेला. तोपर्यंत बेळगाव तालुक्यात तीन जागा होत्या: बेळगाव शहर, उचगाव आणि बागेवाडी. उचगाव म्हणजे तालुक्याचा पश्चिम पट्टा, चंदगडला लागून असलेला. बाजारहाट, सोयरीक, शाळा, भजनी मंडळ सगळं मराठी. २००४ ला तिथून समितीचे मनोहर किणेकर आमदार झाले. मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाची मतदारसंघ पुनर्रचना आली. आमची पश्चिमेची गावं आणि पूर्वेकडची हिरेबागेवाडी, सुळेभावीच्या बाजूची गावं एका जागेत घालून 'बेळगाव ग्रामीण' तयार झाला. काकती, कडोलीकडचा भाग यमकनमर्डीत गेला, आणि ती जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले.

नव्या रचनेवर देशात सगळ्यात आधी विधानसभेची निवडणूक झाली ती कर्नाटकात, मे २००८ मध्ये. समितीचा एकही आमदार आला नाही. ग्रामीणमधून २००८ आणि २०१३ ला भाजपचे संजय पाटील, २०१८ आणि २०२३ ला काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर. उचगावच्या माणसाने मत द्यायचं थांबवलं नाही, त्याची भाषा बदलली नाही, तो गाव सोडून गेला नाही. फक्त त्याच्या मताशेजारी कुणाची मतं मोजायची, हे बदललं.

राज्याच्या सीमेसाठी आपण १९५६ पासून मोर्चे काढतो, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करतो. ते केलंच पाहिजे. पण विधानसभेची ही दुसरी सीमा आखली जात होती तेव्हा आयोगापुढे हरकत घ्यायला गावागावांतून किती लोक गेले? पुढची पुनर्रचना तोंडावर आहे, म्हणून विचारतोय. इथल्या जाणत्यांनी लिहावं.

निवृत्त मास्तर

उचगावकर, विषय बरा काढलात. पण मी याला पुनर्रचना म्हणणार नाही. १९५६ ला भाषेच्या आधारावर राज्यं केली आणि बेळगाव मात्र म्हैसूर राज्यात (आजचं कर्नाटक) टाकलं. जिल्ह्यातला फक्त चंदगड तालुका काढून कोल्हापूरला जोडला, म्हणजे तुमच्या गावाच्या पलीकडचं महाराष्ट्रात आणि अलीकडचं इकडे. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत म्हटलं आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. जिथे जिथे मराठी माणूस एकगठ्ठा आहे तिथे तिथे रेघ मारायची, हे धोरण जुनंच आहे. २००८ त्याचाच पुढचा भाग. मला यात योगायोग दिसत नाही.

आकडेमोड

मूळचा शहापूरचा, आता पुण्यात. मास्तर, तुमचा राग मला समजतो, माझ्या घरातही हेच ऐकत वाढलो. तरी २००८ चं गणित एकदा मांडतो. हेतू वाईट नसतानाही निकाल तसाच लागू शकतो, आणि ते कळलं नाही तर पुढच्या वेळी आपण चुकीच्या दारावर धडका मारू.

२००१ च्या जनगणनेत कर्नाटकची लोकसंख्या ५,२८,५०,५६२ होती. जागा २२४. म्हणजे एका आमदारामागे सरासरी २ लाख ३६ हजार माणसं. बेळगाव जिल्हा ४२,१४,५०५, म्हणजे १७.८६ जागांचा, म्हणून १८ मिळाल्या. आधीही १८ होत्या. आता जिल्ह्याच्या आत बघा. महापालिका हद्दीत तेव्हा साधारण चार लाख लोक होते. सरासरीने ते १.७ जागांचं शहर होतं, म्हणजे एक जागा पुरणार नव्हतीच. शहराला दोन द्यायच्या आणि आजूबाजूची थोडी गावं जोडून त्या भरायच्या, हे ओघाने आलं. शहराची एक जागा वाढली की तालुक्याच्या ग्रामीण भागातली एक कमी झाली. उचगाव आणि बागेवाडी दोन्ही बुडाले, एकटा उचगाव नव्हे. सदलगा आणि संकेश्वरही त्याच वेळी गेले.

आयोगाच्या कायद्यात काय बघायचं ते लिहिलेलं आहे: भूभाग सलग आणि आटोपशीर असावा, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय. भाषा त्या यादीत नाही. राज्याच्या सीमेसाठी आपण मागतो ती चार तत्त्वं, म्हणजे खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, यांतलं फक्त सलगता तेवढं आयोगाच्या कामाशी जुळतं. त्यामुळे 'आम्ही मराठी आहोत' एवढ्यावर तिथे हरकत टिकत नाही. एका तालुक्याची गावं, एकच बाजार, एकच रस्ता, यावर टिकू शकते.

वडगाव गल्ली

आकडेमोड दादा, राखीव जागांचं पण सांगा की. आमच्याकडे लोकं म्हणतात यमकनमर्डी मुद्दाम राखीव केली.

आकडेमोड

त्यालाही लोकसंख्येचंच कारण आहे, आणि ते बेळगावपेक्षा मोठं आहे. कर्नाटकात नायक, वाल्मीकी, बेडर या समाजांचा १९९१ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत स्पष्ट समावेश झाला. राज्यातली जमातींची लोकसंख्या कागदावर एकदम वाढली. पण जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या असल्यामुळे विधानसभेत जमातींसाठी फक्त २ जागा राहिल्या होत्या. २००८ ला त्या १५ झाल्या. अनुसूचित जातींच्या ३३ च्या ३६ झाल्या. कायदा सांगतो की जमातीचं प्रमाण जिथे सर्वांत जास्त तिथे ती जागा राखीव करायची. हुक्केरी, गोकाक, यमकनमर्डी या पट्ट्यात तो समाज मोठा आहे. तेव्हापासून सतीश जारकीहोळी तिथून २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ असे सलग निवडून आलेत.

त्या समाजाला इतकी वर्षं हक्काचं प्रतिनिधित्व मिळालं नव्हतं, ते मिळालं हे योग्यच झालं. प्रश्न काकती, कडोलीच्या गावांचा आहे. ती बेळगाव तालुक्यातली, रोजचा सगळा व्यवहार बेळगावात. जागा भरायला लोकसंख्या कमी पडली म्हणून ती तिकडे जोडली गेली असावीत. दळणवळण आणि सोय हे निकष तिथे जोरात मांडता आले असते.

खानापूरची लेक

तुम्ही सगळे विधानसभेवर बोलताय. आमच्या खानापूरचं लोकसभेचं कुणाच्या लक्षात तरी आहे का?

जिल्ह्यातल्या १८ पैकी आठ जागा बेळगाव लोकसभेत, आठ चिक्कोडीत, आणि उरलेल्या दोन, खानापूर आणि कित्तूर, उत्तर कन्नडमध्ये. कारवार, कुमठा, भटकळ, शिरसी, हल्याळ, यल्लापूर यांच्याबरोबर. जांबोटी, कणकुंबीच्या माणसाचा खासदार समुद्रकाठच्या प्रश्नांवर निवडून येतो. बंदर, मासेमारी, सुपारीच्या बागा हे सगळे खरे प्रश्न आहेत, त्या लोकांच्या हक्काचे आहेत. पण आमच्याकडचे प्रश्न वेगळे. जंगलातल्या गावांना रस्ता नाही, पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून आणावं लागतं, म्हादईचं पाणी वळवायचं कळसा-भांडुराचं काम आमच्या उशाशी. ते त्या निवडणुकीत चर्चेला येतच नाहीत. अनंतकुमार हेगडे तिथून कितीतरी वेळा खासदार झाले. २०२४ ला काँग्रेसने आमच्या माजी आमदार डॉ. अंजली निंबाळकरांना उभं केलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की खानापूरचं नाव दिल्लीच्या निवडणुकीत घेतलं जातंय. निवडून आले विश्वेश्वर हेगडे कागेरी, शिरसीचे. आठ जागांपैकी आमची एक. आमच्या एका तालुक्याने कितीही जोर लावला तरी बाकीच्या सात जागा निकाल ठरवतात.

बेळगाव शहर, ग्रामीण, खानापूर आणि निपाणी हे मराठीचे चार बालेकिल्ले मानले जातात ना? ते तीन लोकसभा मतदारसंघांत विभागले आहेत. बेळगाव लोकसभेत समितीचा खासदार आजवर कधी झाला नाही, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

वेदगंगा

ताई, बरोबर. पण निपाणीकर म्हणून दुसरी बाजू मांडतो, कारण आमच्याकडे हद्द आमच्याविरुद्ध नाही.

निपाणी मतदारसंघात मराठी बोलणारे भरपूर. दवाखाना कोल्हापूर, कॉलेज कोल्हापूर, एसटी कागलची. नुसत्या भाषेच्या गणिताने आमच्याकडून दरवेळी समितीचा आमदार यायला हवा. तसं होत नाही. १९९९, २००४, २००८ ला काँग्रेसचे काकासाहेब पाटील. २०१३, २०१८, २०२३ ला भाजपच्या शशिकला जोल्ले. २०२३ ला तर राष्ट्रवादीचे उत्तम पाटील दुसरे आणि काकासाहेब तिसरे आले. फरक साडेसात हजारांच्या आत. तिन्ही घरं इथलीच, तिघांची मराठी तुमच्याआमच्यासारखी.

आमच्याकडे मत ठरतं ते जैन, मराठा, लिंगायत, मुस्लिम, दलित या समाजांच्या बेरजेवर आणि त्याहून जास्त साखर कारखाना, सोसायटी, पतसंस्था यांवर. ऊस कुणाच्या कारखान्याला जातो, कर्ज कुठल्या सोसायटीचं, पोरगा कुठल्या संस्थेत नोकरीला, हे बघितलं की गावचा निकाल आधीच सांगता येतो. तंबाखूचा जोर होता तेव्हाही व्यापारी, अडते, कामगार असंच होतं. आयोगाच्या कागदावर हे काहीच दिसत नाही. सीमा मत कुठे मोजायचं ते ठरवते, ते कुणाला पडायचं ते नाही.

लोकसभेचंही सांगतो. चिक्कोडी २००९ पर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होती. बी. शंकरानंद १९६७ पासून १९९१ पर्यंत सात वेळा तिथून निवडून आले. २००९ ला ती खुली झाली आणि कत्ती, हुक्केरी, जोल्ले ही मोठी घराणी उतरली. २०२४ ला त्या खुल्या जागेवर प्रियंका जारकीहोळी निवडून आल्या, ज्या स्वतः अनुसूचित जमातीच्या. त्यामुळे 'अमुक समाज जास्त म्हणून अमुकच निवडून येणार' हे मला पटत नाही.

अथणीहून

माझ्या घरी कन्नड, पण आजोळ जतचं, त्यामुळे मराठी वाचतो-लिहितो. वेदगंगा यांना दुजोरा. आमच्या अथणीत २०१८ ला भाजपचे लक्ष्मण सवदी पडले, काँग्रेसचे महेश कुमठळ्ळी आले. २०२३ ला सवदी काँग्रेसकडून उभे राहून जिंकले आणि कुमठळ्ळी भाजपकडून पडले. मतदारसंघ तोच, गावं तीच, पाच वर्षांत माणसंही तीच. पक्षांनी जागा बदलल्या.

दुसरं असं की हद्दीची भीती फक्त मराठी लोकांना आहे असं समजू नका. जे. एच. पटेल मुख्यमंत्री असताना १९९७ ला राज्यात नवे जिल्हे झाले, तेव्हा चिक्कोडी आणि गोकाक वेगळे करायचं ठरलं होतं. ते मागे घेतलं. कन्नड संघटनांचा आक्षेप हा की उत्तरेचे आणि पूर्वेचे तालुके काढले की उरलेल्या बेळगाव जिल्ह्यात मराठीचं प्रमाण वाढेल आणि सीमावादात महाराष्ट्राचा दावा बळकट होईल. आज जिल्ह्यात कन्नड सुमारे ६८ टक्के, मराठी १९ च्या आसपास, उर्दू १० च्या आसपास आहे, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. जिल्हा लहान केला की हे आकडे फिरतात. म्हणून चिक्कोडीच्या शेतकऱ्याला आजही जिल्ह्याच्या कामासाठी बेळगाव गाठावं लागतं. आमचे कन्नड लोकसुद्धा या भीतीची किंमत मोजतात, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

उचगावकर

अथणीकर, मनापासून आभार. हे आमच्याकडे कुणी असं सांगत नाही.

मास्तर आणि आकडेमोड, दोघांचं वाचून मला वाटतं ते असं. २००८ ला हेतू काय होता यावर आपण वर्षभर भांडू शकतो. पण परिणाम मोजता येतो. उचगावमध्ये आमची मतं एकत्र होती तेव्हा दोन-तीन उमेदवार उभे राहिले तरी समिती टिकायची. ग्रामीणमध्ये आम्ही निम्म्याहून कमी झालो, तिथे एकी केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि एकी तर होत नाही. खानापूरचं २०१८ आठवा. समितीचे दोन गट, दोन उमेदवार, त्या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जास्त. तिथे हद्दीचा काहीच दोष नव्हता. २०१३ ला तिथूनच समितीचे अरविंद पाटील आणि दक्षिणमधून संभाजी पाटील आले होते, याच नव्या हद्दीत.

म्हणजे हद्दीने आपली चूक करायची मुभा काढून घेतली. पूर्वी दुफळी परवडायची, आता परवडत नाही.

वडगाव गल्ली

मी दक्षिणचा मतदार, वय सव्वीस. थोडं स्पष्ट बोलतो, मोठ्यांनी राग मानू नये.

आमच्या पिढीत मराठी आहोत याचा अभिमान आहे, घरात शिवजयंतीला पहिला मान. पण महापालिकेच्या मतदानाला मी नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते बघतो. २०२१ ला पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हांवर महापालिका निवडणूक झाली. ५८ प्रभागांत भाजप ३५. वर्षानुवर्षं मराठी गटाची सत्ता असलेली महापालिका, २००५ ला महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून सरकारने बरखास्त केलेली, ती अशी गेली. प्रभागांची रचना बदलली, आरक्षण फिरलं, हे सगळं झालं. पण भाजपने प्रभागा-प्रभागांत मराठा उमेदवार दिले हे पण झालं. आमच्या गल्लीत दोन मराठा उभे असतील आणि एकाच्या मागे सरकार असेल तर लोकं कुणाकडे जाणार?

तरी विझलेलं नाही काही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक होती. समितीच्या शुभम शेळके यांना १ लाख १७ हजार मतं. २०१९ ला भाजपचे सुरेश अंगडी जवळपास ३ लाख ९१ हजारांनी जिंकले होते. पोटनिवडणुकीत मंगला अंगडी फक्त ५,२४० मतांनी. सगळा फरक समितीमुळे पडला असं नाही म्हणत, पण भाजपला घाम फुटला. आणि २०२३ ला दक्षिणमध्ये समितीचे रमाकांत कोंडुसकर दुसरे आले.

निवृत्त मास्तर

पोरा, रागवायचं काय त्यात. नळाला पाणी मागणं हाही हक्कच आहे. १९९६ ला बेळगाव लोकसभेला आम्ही इतके उमेदवार उभे केले होते की एकूण ४५६ झाले. जिंकायला नव्हे, देशाने आमच्याकडे बघावं म्हणून. पुढे अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजार झाली आणि तो मार्ग बंद झाला. तेव्हा मतदारसंघ आम्हाला जिंकू देणार नाही हे माहीत होतं. मतपत्रिका तरी बोलेल असं वाटलं.

आकडेमोड

आता पुढचं. २०११ च्या आकड्यांवर करतो, नवे यायचे आहेत.

राज्य ६,१०,९५,२९७. जागा २२४ च राहिल्या तर सरासरी २ लाख ७२ हजार ७५०. बेळगाव जिल्हा ४७,७९,६६१, म्हणजे १७.५ जागा. काठावर. बंगळूर शहर जिल्हा ९६,२१,५५१, म्हणजे ३५ जागांचा; आज त्याला २८ आहेत. तिथे वाढणाऱ्या जागा दुसऱ्या जिल्ह्यांतूनच येणार. २०११ नंतर बंगळूर आणखी फुगलंय. त्यामुळे एकूण संख्या वाढवली नाही तर बेळगावची एक जागा जाण्याची शक्यता धरून चाला. आणि शहर पुन्हा वाढलंय, म्हणजे ती जागा ग्रामीण भागातून जाईल.

१९७६ पासून गोठवलेला जागांचा आकडा २००१ च्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलला होता. ती जनगणना २०२७ ची, १ मार्च हा संदर्भ दिनांक. महिला आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्तीही त्या पुनर्रचनेलाच बांधलेली आहे. लोकसभेत दक्षिणेचा वाटा घटेल म्हणून बंगळूरपासून चेन्नईपर्यंत जो आवाज उठतोय तो याच कारणाने. त्यात कर्नाटकातल्या मराठी मतदाराचं हित कन्नड मतदारापेक्षा वेगळं नाही, हेही लक्षात घ्या. राज्याचे खासदार कमी झाले तर खानापूरचंही नुकसान.

एकदा आयोगाचा आदेश राजपत्रात आला की कोर्टात तो जवळपास अभेद्य असतो. जे बोलायचं ते मसुद्याच्या वेळी. आयोगाबरोबर राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. त्यांना मताचा अधिकार नाही, पण त्यांचा विरोधी प्रस्ताव मसुद्याबरोबर छापला जातो. आज समितीचा आमदार नाही, म्हणजे त्या खोलीत आपला माणूस नसणार. मग राहिली जाहीर सुनावणी आणि लेखी हरकती.

खानापूरची लेक

एक शंका विचारते, कारण मला ती खरंच छळते. समजा आपण मागितलं आणि मिळालं: उचगाव, हिंडलगा, बिजगर्णी, कुद्रेमनी, काकती, कडोली सगळं एका जागेत. मराठी आमदार नक्की. पण मग बाकीच्या जागांत मराठी माणूस इतका थोडा उरेल की तिथल्या उमेदवाराला आपली गरजच पडणार नाही. आज ग्रामीणमध्ये आपण बहुसंख्य नाही, पण आपल्याशिवाय कुणी जिंकत नाही. मार्च २०२३ मध्ये राजहंसगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण दोनदा झालं, आधी मुख्यमंत्री बोम्मईंनी केलं आणि काही दिवसांत काँग्रेसने पुन्हा. निवडणूक जवळ होती आणि मराठा मतं दोघांनाही हवी होती. २०२० ला मराठा विकास महामंडळाची घोषणा झाली तीही पोटनिवडणुकीच्या तोंडावर. एक नक्की आमदार घेऊन बाकी सगळीकडचं वजन घालवायचं का?

उचगावकर

ताई, या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर खोडा. पुतळा उभा राहिला याचा मला आनंद आहे. पण विधानसभेत मराठी शाळांतल्या रिकाम्या शिक्षकांच्या जागांवर, मराठीत सातबाराचा उतारा आणि सरकारी कागद मिळण्यावर कोण उभं राहिलं? भाषिक अल्पसंख्याक जिथे १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे त्यांच्या भाषेत सूचना, नियम द्यावेत हे केंद्राचं जुनं ठरलेलं धोरण आहे. ते अमलात आणा म्हणून सभागृहात बोलायला असा माणूस लागतो ज्याला तिकीट बंगळूर किंवा दिल्लीहून मिळत नाही. राष्ट्रीय पक्षाचा मराठा आमदार मनाने आपला असला तरी त्या विषयावर पक्षाच्या पुढे जाऊ शकत नाही. बेळगाव उत्तरचं बघा. अनिल बेनके तिथले विद्यमान आमदार होते, मराठा. २०२३ ला भाजपने त्यांचं तिकीट कापून डॉ. रवी पाटील यांना दिलं. जागा गेली काँग्रेसच्या असिफ सेठ यांच्याकडे. आपलं वजन दुसऱ्याच्या हातातल्या तिकिटावर अवलंबून असेल तर ते आपलं नाही.

म्हणून मला एक तरी पक्की जागा हवी. बाकी ठिकाणचं वजन थोडं कमी झालं तरी.

वेदगंगा

मला हे पटत नाही. एक आमदार २२४ मध्ये काय करणार? पाच ठिकाणी काठावरची ताकद असलेली बरी. पण ती ताकद वापरायला समितीने एकच उमेदवार द्यावा लागतो, नाहीतर जाहीर अटींवर कुणाला तरी पाठिंबा द्यावा लागतो. आजवर यांतलं एकही नीट झालेलं नाही, हे मान्य.

निवृत्त मास्तर

माझी हरकत वेगळी आहे आणि ती मूळची आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ८६५ गावांचा प्रश्न आहे. आपण कर्नाटकाच्या आत 'आम्हाला अशी जागा द्या' म्हणून अर्ज करायचे, म्हणजे आम्ही इथेच राहणार हे मान्य केलं असा अर्थ निघणार नाही का? ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, ज्यांची माणसं गेली, त्यांना काय सांगायचं?

उचगावकर

मास्तर, तुमच्यासारख्यांनी उभी केलेली चळवळ आहे म्हणून आम्ही आज बोलतो आहोत. पण समितीने १९५७ पासून याच राज्याच्या विधानसभेच्या निवडणुका लढवल्या. आमदारांनी तिथे शपथ घेतली आणि तिथेच उभं राहून महाराष्ट्रात जायची मागणी केली. त्याने दावा कमकुवत झाला असं कुणी म्हटलं नाही. मग त्याच विधानसभेचा मतदारसंघ कसा असावा हे सांगितल्याने कसा होईल? न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर आमच्या गावातलं पोर आठवीत मराठी माध्यम सोडतंय, ते थांबणार नाही.

निवृत्त मास्तर

विचार करतो. हरकतीच्या कागदात दाव्याला बाधा येणार नाही असं एक वाक्य घाला, मग मी सही करेन. इतरांनाही सांगेन.

अथणीहून

२००८ चा आदेश मी पाहिला आहे. त्यात मतदारसंघ सर्कल (महसुली मंडळ) आणि गावांच्या नावांनी दिलेले असतात. तुम्ही हरकत लिहिणार असाल तर मराठी नावांबरोबर महसूल खात्याच्या कन्नड नोंदीतली नावं पण लिहा, नाहीतर सुनावणीत घोळ होतो. कन्नड मसुदा मी करून देतो. खानापूर आणि कित्तूर बेळगाव लोकसभेत यावेत, ही मागणी तर कित्तूरच्या कन्नड लोकांनाही पटेल. ती दोघांनी मिळून केली तर जास्त ऐकली जाईल.

खानापूरची लेक

कित्तूरकडे माझ्या ओळखीचे शिक्षक आहेत, त्यांच्याशी बोलते. पण आकडेमोड दादा, दोन जागा बेळगावात आल्या तर दहा होतील, मग बेळगावच्या कुठल्या दोन चिक्कोडीत किंवा दुसरीकडे जाणार? ते आधी सांगा, नाहीतर गोकाक, रामदुर्गवाले आपल्या विरोधात उभे राहतील.

आकडेमोड

रास्त प्रश्न. लोकसभेच्या जागा २८ राहतात की वाढतात यावर सगळं आहे. वाढल्या तर जिल्ह्यात तिसरी जागा होण्याचा प्रश्न येईल आणि मग कुणाला ढकलावं लागणार नाही. २८ च राहिल्या तर रामदुर्ग आणि सौंदत्ती या पूर्वेच्या दोन जागांचा विचार होऊ शकतो, पण तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय आपण लिहायचं नाही. दोन्ही शक्यतांचे नकाशे करतो. मला सर्कलवार गावांची यादी लागेल. बेळगाव तालुक्याची उचगावकरांनी द्यावी, जांबोटी आणि कणकुंबीची ताईंनी. निपाणीचं वेदगंगा बघतील का?

वेदगंगा

देतो. मत वेगळं असलं तरी यादी देतो.

वडगाव गल्ली

शहराचे प्रभाग मी करतो. ५८ चे ५८. येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडीकडची हद्द कुठून जाते ते पण जाऊन बघून येतो.